नवरी, वय अंदाजे पन्नास

मी खाजगी गुप्तहेर आहे हे जव्हारमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्या धंद्याची मुख्य अडचण तीच आहे. बाजारातून चालले की भाजीवाली मावशी मोठ्याने विचारते, "आज कोणाच्या मागावर गं?" आणि मी खरोखरच कोणाच्या मागावर असले, तर तो माणूसही माझं उत्तर ऐकायला थांबतो.

वाचकांची निराशा आधीच करून टाकते. माझ्याकडे पिस्तूल नाही, नव्हतं. अंधारात कोणाच्या घरात मी शिरलेले नाही. आमच्या धंद्याला गणवेश नाही, अधिकार नाहीत. कोणी दार लावून घेतलं तर "बरं" म्हणून परत फिरायचं, एवढाच कायदा आम्हाला लागू आहे. काम काय, तर लग्नाआधीची चौकशी. मुलगा सांगतो तिथे नोकरीला आहे का, पितो का, आधीचं काही आहे का. मुलगी कशी आहे, घरात टिकेल का. ठाण्याच्या ज्या एजन्सीत मी बाविसाव्या वर्षी लागले, तिथल्या साहेबांना बाईच हवी होती, कारण बाईला दार लवकर उघडतात. कपडे धुण्याची पावडर विकायला आल्यासारखी मी सोसायट्यांमधून फिरायचे. पावडर कोणी घ्यायचं नाही, पण शेजारणीची माहिती मात्र सगळेजण आनंदाने द्यायचे.

चार वर्षांनी माझ्या वडिलांचे डोळे अधू झाले. ते जव्हारला शिवणकाम करायचे, सुईत दोरा ओवायला कोणी नव्हतं, म्हणून मी परत आले आणि झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेऊन 'चौकशी व तपास' अशी पाटी लावली. पहिले काही दिवस लोक जिना चढून नाशिकची बस कधी आहे हे विचारायला यायचे. मी सांगायचे. वेळापत्रक मला पाठ होतं आणि दुसरं काही कामही नव्हतं.

ठाण्यात शिकलेली विद्या इथे चालेना. पाठलागाचंच घ्या. इथे जीप भरल्याशिवाय सुटत नाही. एका बाईला आपल्या नवऱ्याचा संशय होता, म्हणून मी त्याच्या मागे दाभोशाच्या जीपपर्यंत गेले आणि दुरून वर्तमानपत्र वाचत उभी राहिले. जीपमध्ये एक जागा रिकामी होती. अर्धा तास गेला. शेवटी तोच खाली उतरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, ताई, तुम्हाला माझ्या मागेच यायचंय ना, मग बसा की, तुमच्यामुळे गाडी तरी सुटेल. त्याने मला खिडकीची जागा दिली. वाटेत स्वतःहून सगळं सांगितलं, आणि ते त्याच्या बायकोच्या संशयापेक्षा फारच मिळमिळीत निघालं. तो लपूनछपून पोहायला शिकत होता.

अशा तीन वर्षांनंतर, चैत्रातल्या एका दुपारी, सुरेखा जिना चढून आली. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, दाभोशाच्या अलीकडच्या एका पाड्यावरची. नर्सेस जशा बसतात तशी ताठ बसली आणि म्हणाली, "ताई, नवरी पळाली. शोधून पायजे."

पळालेल्या नवऱ्या मी पुष्कळ शोधल्या होत्या. मी सराईतपणे फॉर्म पुढे ओढला. हरवलेल्या व्यक्तीचं नाव? जानी. वय? अंदाजे पन्नास. मी पेन थांबवलं. तुमचं नातं? "माझी आयस हाय," सुरेखा म्हणाली.

बाहेरच्या वाचकांना इथे थोडं सांगायला हवं. आमच्या डोंगरातल्या पाड्यांवर पुष्कळ जोडपी लग्नाचे विधी न करताच संसाराला लागतात. एकमेकांना पसंत केलं, ती त्याच्या घरी राहायला आली, झालं. त्याला कोणी नावं ठेवत नाही. विधी पुढे कधीतरी सवडीने होतात. पुष्कळदा ती सवड मुलांची लग्नं निघेपर्यंत येतच नाही. आणि तिथे एक अट आडवी येते: आईबापांना हळद लागलेली नसेल तर मुलांना लागत नाही. मग एकाच मांडवात आधी आईबापांचं लग्न लागतं आणि मग मुलीचं. मी अशा लग्नांना गेलेली आहे. नवरदेव नातवाला कडेवर घेऊन बसलेला असतो.

सुरेखाचं लग्न पुढच्या शुक्रवारी होतं. मुलगा मोखाड्याकडचा, आश्रमशाळेत शिक्षक. त्याआधी, त्याच मांडवात, सुरेखाचा बाप लखमा आणि आई जानी यांचं उरकायचं होतं. आणि चार दिवसांपूर्वी जानी सकाळी उठली, भाकऱ्या भाजल्या, कोंबड्या सोडल्या, एक गाठोडं घेतलं आणि निघून गेली. कोणाला काही बोलली नाही. मुलाकडचे लोक म्हणत होते, या शुक्रवारी नाही जमलं तर मग पुढच्या वर्षी बघू. सुरेखा म्हणाली, पुढच्या वर्षापर्यंत कोण थांबतं ताई, मुलगा शिक्षक हाय. पोलिसांत जायची तिची तयारी नव्हती. तिथे सांगायचं काय, हाच प्रश्न होता. मी फॉर्मवर लिहिलं, 'पळून जाण्याचे संभाव्य कारण: स्वतःचे लग्न'. असं वाक्य मी आधी कधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

जानीचा फोटो एकच होता, आधार कार्डावरचा. तुम्ही आपलं कार्ड काढून बघा, म्हणजे माझी अडचण कळेल. मी तो फोटो घेऊन जीपच्या थांब्यावर फिरले. एका ड्रायव्हरने ती विहिरीवर काम करणाऱ्या टोळीतली बाई असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने तो पुरुष असल्याचं. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांच्या मुकादमांना फोन केले. पाड्यावर चौकशी केली तर लखमाच्या चुलतभावाने खात्रीने सांगितलं की तिने दुसरा नवरा केला असणार. कोण, हे त्याला सुचत नव्हतं, पण शोधून सांगतो म्हणाला. लखमा ओट्यावर बसलेला होता. मी त्याला विचारलं, तुम्ही कुठे बघायला गेला नाहीत? तो म्हणाला, सुरेखानं तुम्हाला लावलंय ना. अंगाने काटक, टोपी घातलेला, अगदी मोजकं बोलणारा माणूस. जानी गेल्यापासून तो स्वतः भाकऱ्या करत होता आणि घरातले त्या मुकाट्याने कोंबड्यांना घालत होते.

शेवटी नियमाप्रमाणे माहेर. जानीचं माहेर वावरकडच्या एका पाड्यावर होतं. आईबाप कधीच गेलेले, भाऊ सोमा, भावजय आणि त्यांचे शाळेतले दोन मुलगे. सुरेखा म्हणाली, तिथे कशाला जाईल, पाच-सहा वर्षांत गेलेली नाही, तिला आता माहेर कसलं. तरी मी गेले. जीप जिथे सोडते तिथून दीड तास पायी.

वावर-वांगणीच्या बाजूला वही घेऊन येणाऱ्या माणसांची लोकांना सवय आहे. पूर्वी इथे कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हापासून अधिकारी, पत्रकार, संस्थावाले येतात, लिहून घेतात, जातात. मी अंगणात उभी राहून वही काढली, तोच सोमाची बायको आतून म्हणाली, पोरं शाळेत गेलीत, वजन संध्याकाळी करा. मला लाज वाटली. मी वही परत पिशवीत टाकली.

घराच्या पडवीत एक बाई भिंत सारवत होती. डोकं नुकतंच न्हालेलं, कोपरापर्यंत हात गेरूने लाल. मी तिला फोटो दाखवला आणि ही बाई इकडे दिसली का विचारलं. तिने हात न लावता तो लांबून पाहिला, मान वाकडी करून पाहिला.

"ही आजारी हाय का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही, पळून गेली आहे.

"अशी बाई आमच्यात नाय." मग तिने पुन्हा हात गेरूत बुडवला. "हिला कोण शोधतं?"

मी शोधते आहे, मी म्हटलं.

"हिचा नवरा नाय शोधत?"

तो घरी आहे, मी म्हटलं. ती भिंत सारवत राहिली. मग मला चहा दिला, माझं लग्न झालंय का विचारलं, नाही म्हटल्यावर का नाही ते विचारलं, वडील काय करतात, डोळ्यांचं ऑपरेशन का केलं नाही, या वाटेने एकटी येते तर भीती वाटत नाही का. मी सगळी उत्तरं दिली. परत येताना वहीत लिहिलं, 'माहेरी नाही. घराची डागडुजी चालू.' गुप्तहेराने समोरच्याकडून माहिती काढायची असते. त्या दिवशी कोण कोणाकडून काढत होतं, हे माझ्या लक्षात यायला पुढचे दोन दिवस लागले.

सुरेखाच्या घरी पुन्हा गेले तेव्हा शुक्रवार चार दिवसांवर आला होता. मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. एक शेजारीण आतली भिंत गेरूने सारवत होती, त्यावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात. मी सहज म्हटलं, आता चैत्रात सगळीकडे भिंतींची डागडुजीच चाललीय. शेजारीण माझ्याकडे बघून हसली. डागडुजी शेणाने करतात, म्हणाली, गेरू लग्नाला. नवऱ्याच्या घरी एक चौक, नवरीच्या घरी एक.

मी पिशवीतली वही काढून 'डागडुजी' या शब्दावर काट मारली. वावरच्या त्या घरात दोन शाळकरी मुलगे होते. लग्नाची मुलगी नव्हती. मग भिंत कोणासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तो दीड तास चालले. ती गेरूवाली बाई, म्हणजे जानी, अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मला पाहून ती जराही दचकली नाही. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, त्या दिवशी खोटं का बोललात?

"खोटं नाय बोलले. तो फोटो माझा हाय का? तूच सांग."

मी कार्ड काढून पुन्हा पाहिलं आणि परत पिशवीत टाकलं. मग जानीच बोलायला लागली.

"तीस वरसं झाली, बाय. मी चालत गेलती त्याच्या घरी, डोक्यावर एक टोपली घेऊन. मागाय कोणी आला नाय. मला त्याचं काय वाटलंही नाय तव्हा. मंग आता सुरेखा म्हणली, मी आयससारखी टोपली घेऊन नाय जाणार, मला रीतीनं मागायला आलं पायजे. बरोबर हाय तिचं. आले ते, मागून गेले. मी भाकऱ्या करून वाढल्या. अन् मंग सगळे माझ्याकडं बघून म्हणले, आता तुमचं उरकून घ्या." ती थांबली. "उरकून घ्या. मला कोणी इचारलं?"

तुम्ही हे घरी सांगायचं होतं, मी म्हटलं, सगळे काळजीत आहेत.

"नवरी आपली सोताची मागणी घालत फिरतं का? नवरी माहेरी बसतं. मी बसलेय."

मला आधी हसू आलं. इतकी वर्षं मी मुलींच्या चौकशा केल्या. बोलते फार, रंग सावळा, माहेरी सारखी जाते, असली वाक्यं लिहून कितीतरी ठरत आलेली लग्नं मी मोडली असतील. त्यांतल्या एकीलाही मी विचारलं नव्हतं की बाई, तुझं काय म्हणणं आहे. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता. याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

मी म्हटलं, मी त्यांना घेऊन येते. जानीने सूप खाली ठेवलं. तू लग्नाच्या पोराची चौकशी करतेस ना, तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग याची करून आण, ती म्हणाली. लोकांना इचार, लिहून आण, आणि इथे सगळ्यांसमोर वाच.

मी धावतपळत परतले. सुरेखाला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग भयंकर चिडली आणि मग मुकाट्याने पातळ बदलायला आत गेली. उरलेल्या अर्ध्या दिवसात मी लखमाची रीतसर चौकशी केली. शेजाऱ्यांना वाटलं मला उन्हाची झळ बसली. ज्याच्या शेजारी जन्म काढला त्याच्याबद्दल काय सांगायचं, असं म्हणत त्यांनी पाच पानं भरतील एवढं सांगितलं. सगळ्यांत शेवटी मी लखमापुढे बसले आणि फॉर्ममधला ठरलेला प्रश्न विचारला, मुलगी पसंत आहे का? त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग जे काही बोलला ते मी लिहून घेतलं.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. लखमा, सुरेखा, तो चुलतभाऊ, चार-पाच मोठी माणसं आणि मी. आमच्यानेच भरली, म्हणून जीप आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सुटली. पुढचे दीड तास सगळे एका रांगेत चालत होते. लखमा सगळ्यांत पुढे होता. नवा सदरा त्याला मानेवर टोचत होता.

सोमाने अंगणात घोंगडी अंथरली. रहस्यकथांत शेवटी गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुनी कोण ते सांगतो. मी शेणाने सारवलेल्या अंगणात, कोंबड्या हाकलत, एका नवरदेवाचा अहवाल वाचत होते. जानी उंबऱ्याच्या आत, दाराला टेकून बसली होती. अंगावर नवं लुगडं होतं.

मुलाचं वय, अंदाजे पंचावन्न. व्यवसाय, भातशेती व मजुरी. व्यसन, सणाला पितो. "अन् सण नसला तर?" जानीने आतून विचारलं. मी पान उलटून पाहिलं. शेजाऱ्यांच्या मते, सण शोधून काढतो. अंगणात हशा पिकला. लखमाही खाली बघून हसला. स्वभाव, कमी बोलणारा. मारहाण, कधीही नाही. तक्रारी, एकदा न विचारता हिचा पाळलेला बोकड कापला, घोरतो, आणि रानात गेला की सांगून जात नाही. इतर माहिती, धाकटी मुलगी तापात गेली तेव्हा हिच्याबरोबर सहा महिने रोज नदीपर्यंत जाऊन यायचा, कारण हिला घरात बसवत नसे. शेजारणीने हे सांगितलं तेव्हा मला माहीत नव्हतं की सुरेखाला एक बहीण होती. सुरेखा माझ्याकडे न बघता पदराशी चाळा करत होती. 

शेवटचा रकाना होता, मुलाचं म्हणणं. माझा आवाज तिथे अडखळला, कारण पुढे जे होतं त्यावर सुरेखाचा शुक्रवार अवलंबून होता आणि फी देणारी अशील सुरेखा होती. पण लिहिलेलं वाचायचं, हे एवढं तरी मी या धंद्यात पाळत आले होते. मी वाचलं.

"तिला सांगा, मी इचारायचं राहून गेलं. आता इचारतो. ती नाय म्हनली तरी चालंल. नाय म्हनली तरी घरी ये म्हणावं, जशी होती तशी."

अंगणातल्या सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मग जानी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"मंग माझं नाय हाय," ती म्हणाली.

सुरेखाने तोंडावर पदर घेतला. चुलतभावाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे सगळं मीच केलं. मी हातातल्या कागदांकडे बघत बसले, दुसरं बघायला काही नव्हतं. लखमा मात्र उठला नाही, रागावला नाही. त्याने मान हलवली, "बरं" म्हणाला आणि थोड्या वेळाने विचारलं, "गाठोडं मी घेऊ का तू घेशील?"

जानी त्याच्याकडे पाहत राहिली. तिची हनुवटी थरथरायला लागली. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती, किंवा दोन्ही.

"तीस वरसांत एकदा नाय म्हणून बघायचं व्हतं," ती म्हणाली. "म्हणून झालं. आता परत इचार. तू इचार. ही बाय नको, कागुद नको."

मी कागद घडी करून पिशवीत घातले. लखमा उठला, सगळ्या लोकांसमोर अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत गेला, टोपी काढली आणि काहीतरी बोलला. इतक्या हळू की दोन हातांच्या अंतरावर बसून, आणि कान देऊन ऐकण्याचाच धंदा करत असूनही, मला एक अक्षर कळलं नाही. जानीने ऐकलं. तिने डोळे पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मुलीला हाक मारली.

"सुरेखा, ऊठ. आधी माझी हळद वाट."